दोनच वर्ग

“मग नाव काय देणार तू याला?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

टेबलापलीकडे त्यांचा जुना विद्यार्थी बसला होता. खुर्ची मात्र बाईंचीच. तिच्या एका आखूड पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा अजून होता; तो त्यांनीच घातला होता. मनोविकार विभागाच्या प्रमुख म्हणून उमेदीची सगळी वर्षं बाईंनी या खोलीत काढली होती. दाराच्या बाजूच्या खुर्चीत त्या आज पहिल्यांदाच बसल्या होत्या. शेजारी लेक, मांडीवरची पर्स घट्ट धरून.

“नावाची एवढी घाई कशाला, बाई?” विद्यार्थी म्हणाला. “माणूस खणात बसत नाही, हे माझं रडगाणं तुम्हाला पाठ आहे.”

“खणच नसतील तर त्याला कपाट कशाला म्हणायचं? फळकूट म्हण.”

दोघंही हसले. याच वादात त्यांनी कितीतरी चहा गार केले होते. आजारांच्या नव्या वर्गीकरणाचा जाडजूड ग्रंथ आला, त्या वर्षीच्या परिषदेत तर बाईंनी सगळ्या सभागृहाला हसवून लोळवलं होतं. तो किस्सा त्यांनी आता लेकीला ऐकवला.

“मी म्हटलं, पुस्तकात आजार शेकड्यांनी असू देत. आपल्या टेबलासमोर वर्ग दोनच. ज्यांच्याशी आपण बोलतो ते, आणि ज्यांच्याबद्दल आपण बोलतो ते.”

विद्यार्थी मनापासून हसला. “टाळ्या थांबेनात तेव्हा. मी मागच्या रांगेत उभा होतो.”

मग तो कामाला लागला. दूध करपलं, नळ वाहत राहिला, शेजारणीचं नाव आठवेना. लेकीने सगळं आधीच त्याच्या कानावर घातलं होतं. बाईंनी एकेका तक्रारीचा निकाल लावला.

“आमचे हे गेले तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. पहाटेच झोप मोडते. तोंडाला चव नाही. अरे, उदास माणूस विसरतोच. हे नैराश्य आहे, स्मृतिभ्रंश नव्हे. दोन्ही वरून सारखी दिसतात, हे मीच शिकवलंय तुला.”

काय पणाला लागलंय ते तिघांनाही ठाऊक होतं. नैराश्य असेल तर गोळ्या घेऊन बाई आपल्या घरी परतणार होत्या. दुसरं काही निघालं तर घराच्या किल्ल्या लेकीच्या पर्समध्ये जाणार होत्या, आणि बाई लेकीच्या मधल्या खोलीत.

“पटतंय,” विद्यार्थी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. “तुम्ही म्हणता तेच असणार, बाई. गोळ्या सुरू करू. मग बघू कसं वाटतंय तुम्हाला.”

त्याने पेनाचं टोपण काढलं. लेकीची पर्सवरची पकड सैल झाली.

बाईंचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्या तोडीचं बोलायला मिळालं होतं. त्या टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकल्या.

“वर्गीकरणाचं म्हणशील ना, तर तुला एक गंमत सांगते. तू नव्हतास तेव्हा. परिषदेत मी म्हटलं, पुस्तकात आजार शेकड्यांनी असू देत. आपल्या टेबलासमोर वर्ग दोनच. ज्यांच्याशी आपण बोलतो ते, आणि ज्यांच्याबद्दल आपण बोलतो ते.”

कुणी हसलं नाही. लेक खाली बघत राहिली. बाईंना नवल वाटलं. एवढी चांगली कोटी, आणि हा पोरगा तर पूर्वी चटकन हसायचा.

विद्यार्थ्याने पेनाला टोपण लावलं. मग त्याने खुर्ची सरकवली. पाय पुठ्ठ्यावरून घसरला आणि खुर्ची डुगडुगली. आता त्याचं तोंड लेकीकडे होतं.

“आजी जेवतात का नीट?” त्याने विचारलं.