आयशीची ओळ

"पोर दुपारी ज्याच्या घरी झोपतं ना, त्याच्याच घरचं गाणं शिकतं," ऑफिसातल्या ममतानं मनालीला बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं. "शिकू दे की. फुकटची ट्यूशन!"

आता मनाली स्टेजच्या पायऱ्यांशी लॅपटॉप घेऊन उभी होती आणि तिची पाच वर्षांची अस्मी माइकसमोर भलतंच गाणं म्हणत होती.

मराठी मंडळाची लोकगीतांची स्पर्धा होती, दुबईत जबल अलीजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. अस्मीचं ठरलं होतं ते कोळीगीत, नव्या चालीतलं, डीजेच्या ठेक्यावरचं. दोन महिने रोज संध्याकाळी गालिचा गुंडाळून मनालीनं ते तिच्याकडून बसवून घेतलं होतं. पण ट्रॅक सुरू व्हायच्या आधीच पोरीनं डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"माडाखाली बसली लेक गो, माडाची सावली केवढी..."

आवाज अस्मीचाच. शब्द ओढायची, मध्येच थांबून श्वास घ्यायची लकब मात्र बानूखालांची. बानूखाला शेजारच्या फ्लॅटमधल्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. मनाली ऑफिसात असताना अस्मी त्यांच्याकडेच जेवायची आणि त्यांच्याच मांडीवर झोपायची.

ना ढोल, ना ठेका. पुढच्या रांगेतल्या आयांनी उंचावलेले मोबाईल हळूहळू खाली केले. "हे काय गं आजीबाईंचं गाणं?" कुणीतरी कुजबुजलं. "नाचणार नाहीये का ती?"

मागच्या रांगांत रास अल खैमाहून कंपनीच्या बसनं आलेली माणसं बसली होती, खेड-गुहागर-मंडणगडची. मघापासून शिट्ट्या मारणारी ती माणसं एकदम गप्प झाली. एकानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मनालीला पुढच्यांचा राग आला नाही. मागच्यांचा आला. तिनं शिकवलेल्या कुठल्याच गोष्टीवर आजवर कुणी असं गप्प झालं नव्हतं.

"...माडाची सावली केवढी?" अस्मी थांबली. डोळे उघडून तिनं आईकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

विसरली! मनालीचं बोट लॅपटॉपच्या बटणावर गेलं. पाचव्या रांगेत बसलेल्या बानूखाला ओठ हलवत होत्या. पोरीकडे नाही, थेट मनालीकडे बघत.

"अहो आयशी, जाब द्या ना!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

हसले ते आपल्यालाच, असं मनालीला वाटलं. तिनं बटण दाबलं. ढोल धडाडले. अस्मी दचकली आणि रडत पायऱ्या उतरली. मनालीनं दोन्ही हात पसरले होते. पोर त्या हातांखालून निसटली आणि धावत जाऊन बानूखालांच्या मांडीत तोंड खुपसून बसली.

मनाली मागोमाग गेली. "द्या इकडं." आपलीच मुलगी मागून घेताना आवाज इतका का चिरकतो, तिला कळेना. "मुद्दाम केलंत हे, खाला. चारचौघांत अडकवलंत मला."

"अडकवलं नाय गो. लेकीनं विचारायचं, आयशीनं जाब द्यायचा, असं हाय ते. शेवटची ओळ आयशीची. मी म्हणत नाय ती, हिलापण शिकवली नाय. रोज तुला सांगत होते, संध्याकाळी घडीभर टेक, तुझी ओळ तुला देते. तुझं आपलं दारातूनच यल्ला, यल्ला, चला लवकर."

"मला नकोय तुमची ओळ. उद्यापासून अस्मी डेकेअरला जाईल. खलास."

 बानूखालांनी अस्मीच्या केसांतली वाकडी झालेली पिन सरळ केली, तिचं नाक ओढणीनं पुसलं आणि तिला उचलून मनालीच्या कडेवर दिलं. "घे बाय. तुझीच हाय."

"नो! आय वॉन्ट खाला!" अस्मी आईच्या खांद्यावर मुठी आपटत राहिली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या.

कार्यक्रम संपल्यावर त्या मागच्या माणसांच्याच बसमध्ये बसून बानूखाला रास अल खैमाला गेल्या, यहयाकडे. यहया त्यांचा मुलगा, तिथल्या सिरॅमिकच्या कारखान्यात असतो. तेव्हापासून शेजारचं दार बंद आहे.

आज अकरावा दिवस. अस्मी दुपारची झोपत नाही, डेकेअरची मॅडम सांगते, नुसती बसून राहते. मनालीनं फोन केले. रिंग जाते, उचलत कुणी नाही. शेवटी यहयाला लावला. तो घाईत होता, ड्युटीवर. "अम्मी बरी हाय, इन्शाल्ला," म्हणाला आणि ठेवला. बरं असलेल्या माणसाबद्दल कुणी इन्शाल्ला म्हणतं का? त्यात खालांना शुगर आहे, आणि गोळीची आठवण रोज अस्मी करून द्यायची.

मनालीला रजा नाही. गाडीही नाही. खरं सांगायचं तर धीर नाही. म्हणून तुमच्यापैकी कुणी रास अल खैमाला, त्या कारखान्यांच्या बाजूला राहत असाल, तर तिचं एवढं काम करा. यहयाची खोली विचारत जा, दार वाजवा. गाण्याचा विषय काढू नका. जेवल्या का, गोळी घेतली का, एवढंच बघून या आणि मनालीला कळवा.

आणि दुपारची वेळ असली, खालांच्या मांडीवर दुसऱ्या कुणाचं पोर झोपलेलं दिसलं, तर तेवढं मात्र तिला सांगू नका.