पाणबुडीची खिडकी

"थिनरने पुसलीत? बाबा, थिनरने?"

आमच्या घरी बनवलेल्या पाणबुडीच्या खिडकीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटल्या होत्या. आठवडाभर आम्ही दोघांनी लेथवर पाणी सोडत सोडत ती जाड ॲक्रिलिकची चकती कातली होती. साबणाच्या पाण्याशिवाय काही लावू नका, असं मी किती वेळा बजावलं होतं! पण स्टिकरचा गोंद निघेना, म्हणून बाबांनी घेतला थिनरचा बोळा.

"अगं, ओरखडे आहेत. पॉलिश मारलं की जातील," बाबा हसत म्हणाले. चिऱ्याच्या खाणीत साचलेल्या पाण्याभोवती अर्धं गाव जमलं होतं. शिट्ट्या वाजत होत्या. बाबा पाणबुडीत बसून तळाला जाणार होते.

"ते तडे आहेत! थिनरने ॲक्रिलिक तडकतं. खाली पाण्याचा दाब आला की फुटेल ती."

"पोरीला शाळेत फारच शिकवतात हां," गर्दीतून शेजारचे दिगंबरकाका ओरडले आणि सगळे फिदीफिदी हसले.

माझं डोकंच सणकलं. मी झाकण उघडलं आणि सरळ आत जाऊन बसले. "ओरखडेच आहेत ना? मग आधी मी जाते. सोडा पाण्यात."

बाबांचं हसू मावळलं. "उतर."

"का?"

ते पाना घेऊन खिडकीचे बोल्ट सोडवू लागले. लोक कुरकुरत पांगले.

मी जिंकले होते, तरी माझा राग आणखीच चढला. "मला पाठवायला घाबरलात, आणि स्वतः हसत हसत निघाला होतात? मला दुसरे बाबा कुठून मिळणार होते?"