जास्तीचे ठिपके

मादन हिप्परग्याच्या गुंडेरावनं बंगळूरच्या प्रयोगशाळेत एका ऑक्साइडच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला, तेव्हा पडद्यावर नेहमीपेक्षा जास्त ठिपके दिसले. वरच्या थरातले अणू आजवर कुणी न पाहिलेल्या रांगांत बसलेत, असं त्यानं घाईघाईनं जाहीर केलं. पेपरात बातमी आली आणि गावानं शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला.

तो गावाकडं निघायच्या आदल्या दिवशी सोबतच्या सुमतीबाईंनी तोच स्फटिक तापवून नीट साफ केला. जास्तीचे ठिपके गेले.

"आधी साफ करू या, म्हटलं होतं मी," एवढंच त्या बोलल्या.

सत्काराला त्याचे वडील अप्पा नवा पटका बांधून पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्याकडं न बघता गुंडेराव उठला.

"मी काहीच शोधलं न्हाई. स्फटिकावर मळ राहिला होता, तोच मला दिसला. ह्या सत्काराची माझी लायकी न्हाई."

मग पटांगण टाळ्यांनी दणाणलं.

"पोरांनो, बघा! विद्या माणसाला अशी नम्र करती," हेडमास्तर माईकवर म्हणाले.

अप्पांनी डोळे पुसले. "येवढा मोठा झालाय, पन गर्व न्हाई बघा पोराला."

"तसं न्हाई वो गुरुजी, खरंच चुकलंय माझं," तो सांगत राहिला. टाळ्या वाढतच गेल्या. हेडमास्तर हार घेऊन पुढं आले.

गुंडेरावनं मान खाली घातली.



हार घालायला सोपं जावं म्हणून घातली, असंच सगळ्यांना वाटलं.