धुणं

दवाखान्याच्या खाटेवर हिराची छाती घरघरत होती. निवृत्ती फवारणी अर्धी टाकून ओल्या सदऱ्यानिशी बागेतून धावत आला, तोवर बायकोच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता.

"हा नुसता दमा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फवारणीच्या औषधानं रक्तातलं एन्झाइम फार उतरलंय, म्हणून श्वासनळ्या आवळतायत. या स्वतः फवारणीला जातात का?"

"छे! द्राक्षबागेत मी तिला पाऊलसुद्धा टाकू देत नाही. फवारणी मी एकटा करतो. तिच्या जिवाला जपतो, मॅडम!"

"मग तुमचे कपडे कोण धुतं?"

निवृत्तीनं अंगावरच्या, औषधानं भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिलं. धाप लागलेली असतानाही हिरानं त्याचा हात धरायला हात पुढे केला. तो भिंतीपर्यंत मागे सरकला.

"नको गं," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "मला शिवू नको."