बाथरूममधली डबी

श्रुतिकाच्या स्क्रीनवर एक म्हातारे गृहस्थ पाठीला साबण लावत होते. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलेले, अंगावर चिंधी नाही. श्रुतिकाने डाव्या हातातल्या फ्रँकीचा घास घेतला, 'नाही पडले' या बटणावर टिचकी मारली आणि पुढचं चित्र आलं. आता एक आजी होत्या.

शुभा चार्जर मागायला आली होती. ती जागच्या जागी थिजली.

"हे काय आहे?"

"लेबलिंग गं. माणूस पडलंय की नाही, ते फोटो बघून सांगायचं. रोज आठशे करायचे असतात." श्रुतिकाने कानातले इअरफोनही काढले नाहीत. "पहिले दोन दिवस कसंतरीच होतं. मग काही वाटत नाही."

माउसला सॉस लागला होता. शुभाला त्या सॉसची किळस आली, फ्रँकीच्या वासाची आली, 'काही वाटत नाही' या शब्दांची तर सगळ्यात जास्त आली.

अंधेरीच्या एमआयडीसीतली ही छोटीशी कंपनी एकच वस्तू बनवायची. काडेपेटीएवढी डबी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बाथरूममध्ये ती भिंतीवर बसवायची. आतला कॅमेरा बघणार आणि माणूस पडलं की नाही, ते आतलीच चिप ठरवणार. पडलं तर मुलांच्या फोनवर घंटा. चित्र डबीतच पुसलं जाणार, उंबऱ्याबाहेर जाणारच नाही. इवल्याशा चिपवर, मोजक्या विजेत एवढं सगळं बसवायला शुभाने आयुष्याची तीन वर्षं घातली होती. सुरुवातीच्या डब्या तिने घरोघरी जाऊन स्वतः लावल्या होत्या. संकोचलेल्या बायकांना हात धरून सांगितलं होतं, "काकू, हे कुणी बघत नाही हो."

ती तडक शौनकच्या केबिनमध्ये गेली. कंपनी त्याची होती.

"डबीतून चित्रं बाहेर येतात?"

शौनक गडबडला नाही. "बस ना. अगं, वाफ झाली, फरशी ओली असली की डबी चुकते. दहातली दोन माणसं पडलेली तिला कळतच नाहीत. तिला शिकवायला खरी चित्रं लागतात यार. ती कुठून आणू? नावं काढून टाकलीत सगळ्यांची."

"लोकांना विचारलंस?"

"हो कोण म्हणेल?" तो हसला. "आणि दार काय मी केलं? तुझंच आहे ते. टेस्टिंगसाठी ठेवलेलंस. मी फक्त उघडलं."

ते खरं होतं. चिपला आतून काय दिसतंय ते बघण्यासाठी तिने एक वाट ठेवली होती. ती बंद करायची तर सगळ्या चाचण्या पुन्हा घ्याव्या लागल्या असत्या, आणि डबी बाजारात आणायची तारीख डोक्यावर होती. 'नंतर करू' म्हणाली होती ती. मग विसरली. इतका वेळ श्रुतिकाची, शौनकची येणारी शिसारी आता तिला स्वतःच्या हातांची यायला लागली. तिने बाथरूममध्ये जाऊन हात धुतले. दोनदा धुतले.

मग ती जागेवर येऊन बसली. चिपमध्ये केसाहून बारीक एक तार असते. हुकूम दिला की ती जळते, आणि एकदा जळली की ती वाट कुणालाच उघडता येत नाही, बनवणाऱ्यालाही नाही. शुभाने सहाशे चाळीस डब्यांना हुकूम पाठवला. स्क्रीनवर एकेका डबीचा आकडा हिरवा होत गेला.

शौनक धावत आला. "वेडी झालीस का तू? वाट लावलीस सगळ्याची!"

"दार माझं होतं ना? मीच लावलं."

तिने राजीनामा तिथेच लिहून दिला. जुनी चित्रं मात्र शौनकच्या ताब्यात होती, तिथे तिचा हात पोचत नव्हता. तेवढ्यासाठी तक्रार करायला हवी होती, आणि ती करायची तर ज्यांची चित्रं होती त्यांना आधी हे कळायला हवं होतं. शुभाने पहिलं घर गाठलं ते घाटकोपरचं, पंतनगरातलं. कुंदा परब. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा निहार बंगलोरला. पहिली डबी शुभाने याच बाथरूममध्ये लावली होती.

कुंदाकाकू कोलंबी सोलत बसल्या होत्या. शुभाने खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. दार, चित्रं, बटणं. आता शिव्या बसतील, ताट अंगावर येईल, याची ती वाट बघत राहिली.

"म्हणजे तुमच्या हाफिसात माणसं बसून बघत होती?"

"हो काकू."

"माका? न्हाताना?"

"हो."

काकूंनी पदराला हात पुसले. त्या रागावल्या नव्हत्या. काहीतरी जुळवून बघत असल्यासारख्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"श्रावणात मी पडले होते," त्या सावकाश म्हणाल्या. "सकाळी आठाक. डबी वाजलीच नाही. उठता येईना. दहाला कामवाली आली, तोपर्यंत तशीच फरशीवर होते. म्हटलं, मशीनच ती, चुकायची एखादवेळी. निहारलासुद्धा सांगितलं नाही. उगाच तुला ओरडला असता."

त्यांनी शुभाकडे पाहिलं.

"माणसं बघत होती, तर मग कुणीच कसं आलं नाही गो?"