देवानं न ठेवलेली वाट

लामुनूची मुलगी दोन दिवसांची झाली, तरी तिला शी झाली नव्हती. पोट टम्म फुगलं होतं. गुलू शहरातल्या दवाखान्यात नर्स अबेरनं दुपटं सोडून पाहिलं; शीची जागाच नव्हती. “डॉक्टर आज पोटावर छिद्र करून वाट काढतील. खालची जागा नंतर करतील.” लामुनू संमतीच्या कागदावर अंगठा उठवणार, तोच सासूनं हात धरला. “देवानंच वाट ठेवली नाही, पोरी. पोटातून शी करणाऱ्या मुलीला गाव जगू देईल का?” अबेरनं गणवेशाची बटणं सोडून बेंबीशेजारचा जुना व्रण दाखवला. “माझी आजीही असंच म्हणाली होती, मावशी.” सासूनं व्रणावरून बोट फिरवलं. “मुलंबाळं?” “तीन.” म्हातारीनं सुनेचा हात सोडला नि खांद्यावरचं कापड काढून फाडायला घेतलं. “पोटाला बांधायला फडकी लागतील. मऊ आहे. पुष्कळदा धुतलंय.”