दात्याचं वजन

रसिका काट्यावर चढली आणि आकडा एकशे अठ्ठावीसवर थांबला. डॉक्टरांनी मान हलवली. दादाशी रक्तगट जुळत होता, पण एवढ्या वजनाच्या बाईची किडनी काढायला ते तयार नव्हते.

मग अमोलभावोजींचं बघायचं का, असं वहिनीने हळूच विचारलं. अमोल सगळ्यांत धाकटा, जिममध्ये जाणारा, आणि रक्तगट तोच. आईने वहिनीकडे नुसतं बघितलं. अमोल कमावता होता, त्याचं लग्न ठरत होतं, आणि कापलेल्या पोराला मुलगी कोण देणार, हे आईने घरी आधीच सांगून ठेवलं होतं. आईला स्वतःला साखर होती आणि वहिनीचं रक्त जुळत नव्हतं. राहिली रसिका.

बाहेर बाकड्यावर दत्ताराम बसला होता. थोरला भाऊ. डायलिसिस करून करून त्याचा चेहरा काळवंडला होता.

"वजन कमी करायचं ऑपरेशन असतं ना, डॉक्टर?" रसिकाने विचारलं. "ते केलं तर?"

तर वर्ष-दीड वर्षात जमेल, डॉक्टर म्हणाले. तोवर दादाला डायलिसिसवर काढता येईल.

या ऑपरेशनबद्दल रसिकाने आजच ऐकलं होतं असं नाही. काही वर्षांपूर्वी झोपेत श्वास अडकून ती निळी पडली, तेव्हा भाईंदरच्या एका डॉक्टरने तिला तेच सुचवलं होतं. असंच चाललं तर एक दिवस उठणार नाही, असंही सांगितलं होतं. घरी येऊन तिने ते सांगितलं, तेव्हा सगळे हसले. पोट कापून बारीक व्हायचं तर देवाने तोंड कशाला दिलंय, ते बंद ठेव, असं दादा म्हणाला होता. नंतरही तिने विषय काढून पाहिला. आईने प्रत्येक वेळी तिच्या ताटाकडे बघितलं.

त्या ताटात काय असायचं ते आईनेच ठरवलेलं. रत्नागिरीहून येऊन भाईंदरला इंद्रलोक वस्तीत घर घेतलं तेव्हापासून चूल रसिकाकडे. माशाच्या मधल्या तुकड्या भावांना, डोकं-शेपटी बायकांना. सगळे उठले की पातेल्यात उरलेला भात, कालच्या भाकऱ्या, तळाची आमटी रसिकाला. अन्न टाकायचं नाही, हा घरचा नियम. तिचं लग्न जमलं नाही, त्याचं खापर मात्र सगळे तिच्या वजनावरच फोडायचे.

आता आठवड्याभरात आईने एफडी मोडली.

ऑपरेशनच्या आधी पंधरवडाभर पातळ खायचं होतं. ताक, डाळीचं पाणी, पावडरचं दूध. रसिका ते पीत होती आणि समोर सुरमईचं कालवण ढवळत होती. उत्तनची कोळीण दारात पाटी उतरवून म्हणाली, "बाय, तू कायच खात न्हाय म्हंतात. मग एवडा मासा कोनाला?"

"ज्यांना लागतो त्यांना," रसिका म्हणाली आणि सुरमई तिच्याकडूनच कापून घेतली.

रात्री उरलेला भात आईने सवयीने तिच्या ताटाकडे सरकवला. रसिकाने पातेलं उचललं आणि खाली गाईला घालून आली. आईला आता बोलायची सोय नव्हती.

ऑपरेशन झालं. पोटाची पिशवी लहान झाली. एक वाटी खिमटी संपवायला अर्धा तास लागायचा, घाई केली तर उलटी व्हायची. केस गळले. कातडी लोंबली. रोज पहाटे ती जेसल पार्कला खाडीकाठी चालायला जायची. आधी बाकापासून बाकापर्यंत, मग न थांबता. गुडघे दुखले तरी जायची. इतकी वर्षं झोपताना नाकाला लावायचं श्वासाचं मशीन तिने माळ्यावर टाकलं.

लिफ्टमधली शेजारीण आधी तिला बघून पुढच्या फेरीला थांबायची. तीच आता म्हणाली, "दीदी, भाई के लिए इतना कौन करता है?"

रसिका हसली. "करना पड़ता है."

भाऊबीजेला दादाने पाहुण्यांसमोर तिला साडी दिली आणि म्हणाला, "यंदा खरी ओवाळणी मीच हिच्याकडून घेणार." आईने डोळे पुसले. अमोलने फोटो काढला. रसिकाने दादाला ओवाळलं आणि ताट देवापाशी नेऊन ठेवलं.

वजन पंचाहत्तरवर आलं. सगळ्या तपासण्या झाल्या, एकही वाईट निघाली नाही. डॉक्टर म्हणाले, असा दाता क्वचित मिळतो.

शेवटचं एक राहिलं होतं. किडनी देणाऱ्याशी घरच्यांना बाहेर ठेवून बोलायचं, असा नियम आहे. त्या दिवशी सगळे हॉस्पिटलात आले. आईने दारात तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितलं, विचारतील त्याला हो म्हण.

आत एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. समोर कॅमेरा सुरू होता. बाईंनी तिला पाणी दिलं. किडनी दिल्यावर काय होतं, काय होऊ शकतं, ते सगळं नीट सांगितलं. मग त्या जरा पुढे वाकल्या.

"हे तुम्ही मनापासून देताय ना? मन नसेल तर आत्ताच सांगा. बाहेर आम्ही कारण सांगत नाही. तपासणीत बसल्या नाहीत, एवढंच म्हणतो. घरी कोणी तुम्हाला बोल लावणार नाही."

रसिकाने पाणी संपवलं, सावकाश, घोट घोट, तिला शिकवलं होतं तसं.

"खोटं नका सांगू, बाई," ती म्हणाली. "मी एकदम फिट आहे आणि मी नाही म्हणाले, असंच सांगा. बाहेर माझा धाकटा भाऊ बसलाय. त्याचं रक्त जुळतं. त्याला आत बोलवा."